ललितेतराचे दालन : साहित्य अकादमीची मराठी यादी आणि तौलनिक वाचनाचे काही प्रश्न

साहित्य अकादमीने १९५५ पासून मराठीसाठी दिलेल्या पुरस्कारांची यादी अभ्यासकांच्या नित्य परिचयाची आहे. तिचा उपयोग बहुधा संदर्भापुरता होतो. एखाद्या लेखकाच्या परिचयात एक वर्ष नोंदवायचे, एखाद्या कादंबरीच्या मान्यतेचा दाखला द्यायचा, इतकेच तिचे काम. ही यादी सलग, वर्षानुक्रमे, एखाद्या ग्रंथालयातील फळीवरून नजर फिरवावी तशी वाचली तर मात्र एक अनपेक्षित गोष्ट समोर येते. १९५५ ते १९७२ या काळात मराठीत पुरस्कारप्राप्त ठरलेल्या ग्रंथांत कादंबऱ्या केवळ तीन आहेत : वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९६०), श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’ (१९६३) आणि रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६४). कवितासंग्रह एकही नाही, नाटक एकही नाही. पु. ल. देशपांडे यांची ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६५) ही कल्पित आणि अकल्पित यांच्या सीमेवर उभी असलेली व्यक्तिचित्रे वगळली, तर उरलेली सारी यादी इतिहास, भाषाविज्ञान, मानवशास्त्र, सौंदर्यशास्त्र, तत्त्वचिंतन, चरित्र, आत्मचरित्र आणि लोकसंस्कृती अशा विषयांनी भरलेली आहे.

मर्ढेकरांचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाने मराठी कवितेचे वळण बदलले, हे आज सर्वमान्य आहे. अकादमीचा १९५६ चा सन्मान मात्र त्यांना मिळाला तो ‘सौंदर्य आणि साहित्य’ या समीक्षाग्रंथासाठी, आणि तोही त्याच वर्षी झालेल्या त्यांच्या निधनानंतर. पुढे १९७९ मध्ये शरच्चंद्र मुक्तिबोध या कवीला ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी, आणि १९९१ मध्ये भालचंद्र नेमाडे या कादंबरीकाराला ‘टीकास्वयंवर’साठी हा पुरस्कार मिळाला. सर्जनशील लेखकाच्या विचारगद्याला त्याच्या सर्जनशील लेखनाआधी मान्यता देण्याची ही रीत मराठीत योगायोगाने रुजली असेल, असे मानणे कठीण आहे.

यादीतील सर्वांत लक्षणीय टप्पा १९६६ ते १९७२ हा होय. या सात वर्षांत पुरस्कार मिळालेले ग्रंथ असे : त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे ‘श्रीशिवछत्रपति’, ना. गो. कालेलकर यांचे ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’, श्री. ना. बनहट्टी यांचे ‘नाट्याचार्य देवल’, न. र. फाटक यांचे ‘आदर्श भारतसेवक’, दुर्गा भागवत यांचे ‘पैस’ आणि गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. सलग सात वर्षे, सात ग्रंथ, आणि दोन चरित्रे वगळता कोणत्याही दोहोंचा विषय एक नाही. त्या चरित्रांचे नायकही एक नाटककार आणि एक राजकीय पुढारी. एखाद्या जिज्ञासू वाचकाने कोणताही पूर्वग्रह न धरता हाताला येईल ते वाचत जावे, तशी ही निवड आहे. ती कोणी एका व्यक्तीने केलेली नाही. निरनिराळ्या वर्षांच्या निरनिराळ्या परीक्षकांनी ती केली आहे, आणि म्हणूनच तिच्यातून व्यक्त होणारी अभिरुची व्यक्तिगत आवडीपेक्षा अधिक व्यापक मानावी लागते.

ही अभिरुची मराठीपुरतीच होती काय, हा तौलनिक अभ्यासकाचा पहिला प्रश्न. हिंदीच्या यादीशी ताडून पाहिले असता प्रारंभीच्या वर्षांत विलक्षण साम्य दिसते. १९५५ मध्ये माखनलाल चतुर्वेदी यांच्या ‘हिमतरंगिनी’ला गौरविल्यानंतर हिंदीत सलग चार वर्षे कथनेतर गद्याचीच निवड झाली : वासुदेवशरण अग्रवाल यांची ‘पद्मावत’वरील संजीवनी व्याख्या, आचार्य नरेंद्र देव यांचे ‘बौद्ध धर्म दर्शन’, राहुल सांकृत्यायन यांचा ‘मध्य एशिया का इतिहास’ आणि दिनकरांचे ‘संस्कृति के चार अध्याय’. १९६० नंतर मात्र दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. हिंदीत काव्य आणि कादंबरी यांना अग्रस्थान मिळते. जे गद्यग्रंथ पुरस्कृत होतात तेही साहित्याविषयीचेच असतात. अमृतराय यांनी लिहिलेले प्रेमचंदांचे चरित्र (१९६३), नगेंद्र यांचा ‘रस सिद्धांत’ (१९६५), रामविलास शर्मा यांचा निरालांवरील ग्रंथ (१९७०) आणि नामवर सिंह यांचे ‘कविता के नये प्रतिमान’ (१९७१) ही नावे पुरेशी आहेत. म्हणजे हिंदीतील पुरस्कृत ज्ञानगद्य क्रमाने स्वतःकडे, साहित्याच्या अंतर्गत व्यवहाराकडे वळले. मराठीतील ज्ञानगद्य त्याच वर्षांत शिवकालीन कागदपत्रांकडे, बोलींच्या नकाशाकडे, कुरुकुलाच्या नातेव्यवस्थेकडे आणि ठाणे जिल्ह्यातील वारली पाड्यांकडे जात होते.

गुजराती यादी मराठीच्या अधिक जवळची आहे. महादेवभाई देसाई यांची डायरी (१९५५), रामनारायण पाठक यांचे ‘बृहत् पिंगळ’ (१९५६), पंडित सुखलालजी यांचे ‘दर्शन अने चिंतन’ (१९५८) हे तिचे प्रारंभीचे मानकरी. बंगालीत याउलट पहिल्या चार वर्षांचे ग्रंथ अनुक्रमे जीवनानंद दास यांच्या श्रेष्ठ कविता, ताराशंकरांची ‘आरोग्य निकेतन’, प्रेमेंद्र मित्र यांचा कवितासंग्रह आणि राजशेखर बसू यांच्या कथा असे आहेत. यावरून बंगालीत विचारगद्य क्षीण होते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. बंकिमचंद्रांपासून चालत आलेली तिथली प्रबंधपरंपरा मराठी निबंधपरंपरेपेक्षा कोणत्याही अर्थाने उणी नाही. यादी भाषेचे वास्तव दाखवत नाही. त्या भाषेतील जाणकारांना ‘साहित्य’ या शब्दाखाली काय अभिप्रेत होते एवढेच ती दाखवते. आणि नेमके तेच तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे, कारण वाङ्मयप्रकारांच्या सीमा कोणी, केव्हा आणि कशा आखल्या याचे इतके थेट साधन सहसा हाती येत नाही.

येथे परिभाषेचा प्रश्न टाळता येत नाही. इंग्रजी परंपरेत गद्याची विभागणी कल्पित आणि अकल्पित या रेषेवर होते. मराठीत ती ललित आणि ललितेतर अशी होते. या दोन रेषा एकमेकींवर बसत नाहीत. ‘पैस’मधील निबंध अकल्पित आहेत, पण मराठी वाचक त्यांना निःशंकपणे ललित म्हणतो. उलट श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्या कल्पित असूनही त्यांच्यातील समाजशास्त्रीय चर्चेमुळे अनेक समीक्षकांना त्या ललित मानताना संकोच वाटत आला आहे. मराठीची रेषा सत्य आणि रचित यांच्यामधून जात नाही, सौंदर्यानुभव आणि माहिती यांच्यामधून जाते. हिंदीत अलीकडे रूढ झालेली ‘कथेतर’ ही संज्ञा इंग्रजी विभागणीच्या जवळ आहे. बंगालीतील ‘प्रबंध’ हा एकच शब्द भावरूप आहे. बाकीचे सारे शब्द, ‘ललितेतर’ धरून, त्या गद्याचे वर्णन ते काय नाही याच्या आधारे करतात. ज्या गद्याची व्याख्या नकाराने केली जाते त्याच्या रूपाचा विचार होणे अवघडच. ग्रंथालयाच्या वर्गीकरणात अशी पुस्तके आपापल्या विषयांच्या खणांत विखुरली जातात आणि मराठी विभागाच्या अभ्यासक्रमात त्यांना जागा उरत नाही. इतिहासाचा विद्यार्थी शेजवलकरांची साधने पाहतो, त्यांचे वाक्य पाहत नाही. मराठीच्या विद्यार्थ्याला शेजवलकर हे नाव अभ्यासपत्रिकेबाहेरचे वाटते. दोघांच्या मध्ये ग्रंथ न वाचलेला राहतो.

वास्तविक शेजवलकरांच्या पुरस्कृत ग्रंथाइतके चमत्कारिक रूप असलेले पुस्तक मराठीत क्वचितच सापडेल. १९६४ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी, प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ शिवचरित्र नव्हेच. ती संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना आहे, त्याचा आराखडा आहे आणि त्यासाठी जमविलेली साधने आहेत. चरित्र लिहिलेच गेले नाही. अकादमीने १९६६ साली एका न लिहिलेल्या ग्रंथाचा गौरव केला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. शिवाजी महाराजांच्या चरित्राला महाराष्ट्रात जे भावनिक वजन आहे ते पाहता, पूर्ण कथानक नसलेला, प्रश्न आणि पुरावे उघडे ठेवणारा ग्रंथ परीक्षकांना पुरस्कारार्ह वाटावा, ही त्या काळाच्या वाचनसंस्कृतीविषयी पुष्कळ सांगणारी बाब आहे. त्याआधी दोनच वर्षे त्याच यादीत ‘स्वामी’ आली होती. माधवराव पेशव्यांच्या आयुष्याला सलग, भावोत्कट कथारूप देणारी कादंबरी आणि कथारूप येण्याआधीच थांबलेला इतिहासग्रंथ यांचे हे शेजार कोणीही हेतुपूर्वक जुळवलेले नाही, पण मराठी मनाच्या इतिहासविषयक दोन भुका त्यात एकत्र दिसतात. पुढील दशकांत पहिली भूक झपाट्याने वाढली. दुसरीविषयी तसे म्हणता येत नाही.

शेजवलकर, कालेलकर आणि कर्वे या तिघांत एक दुवा आहे. तिघेही पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधनसंस्थेत अध्यापन-संशोधन करीत होते. १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झालेल्या या संस्थेत मराठ्यांचा इतिहास, भाषाविज्ञान, मानवशास्त्र आणि पुरातत्त्व हे विषय शेजारीशेजारी नांदत होते. १९६६, १९६७ आणि १९६८ असे सलग तीन वर्षांचे पुरस्कार एकाच संस्थेतील तीन भिन्न शाखांच्या अभ्यासकांना मिळाले. या तिघांचे शास्त्रीय लेखन इंग्रजीतही होते; कर्वे यांचा भारतीय नातेसंबंधांवरील १९५३ चा ग्रंथ इंग्रजीतच आहे. तरीही त्यांनी मराठीत लिहिले ते सोप्या भाषेतील माहितीपुस्तिका म्हणून नव्हे. कालेलकरांचे पुस्तक याचा उत्तम नमुना आहे. भाषा काळात बदलते हे सुशिक्षित वाचकाला ठाऊक असते. ती अवकाशातही बदलते, आणि एकाच काळी शेजारच्या दोन गावांच्या बोलींत दिसणारा फरक हा भाषेच्या इतिहासाचाच पुरावा असतो, ही गोष्ट ते पारिभाषिक शब्दांचा धाक न घालता समजावून देतात. पॅरिसमध्ये शिकलेल्या या भाषाशास्त्रज्ञाचे गद्य संथ आहे, थोडे कोरडेही आहे. पण त्यात एकही वाक्य वाचकाला गौण लेखत नाही.

‘युगान्त’ हा या तिघांतील सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ, आणि रूपाच्या दृष्टीने सर्वांत धाडसी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली आणि ‘युगान्त’ १९६७ मध्ये आले. चिकित्सक संहितेचा आधार घेऊन क्षत्रिय समाजाची नातेव्यवस्था, वारसा, स्त्रियांचे स्थान, खांडववन जाळण्यामागील भूमिविस्तार यांचा माग काढणारी मानवशास्त्रज्ञ त्यात दिसते. पण गांधारीवरील प्रकरण बव्हंशी कथनाच्या अंगाने जाते, आणि द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांच्या चित्रात संहितेपलीकडचे जे आहे ते आपल्या पदरचे आहे, हे लेखिका वाचकापासून लपवत नाही. हा प्रांजळपणा या ग्रंथाच्या रूपाचा कणा आहे. कोठे पुरावा संपतो आणि कोठे कल्पना सुरू होते याची खूण वाचकाच्या डोळ्यांसमोर केलेली असते. ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीत नेमकी हीच खूण पुसलेली असते.

येथे दुर्गा भागवतांच्या ‘व्यासपर्व’ची (१९६२) आठवण अपरिहार्य आहे. दोन विदुषी, दोघींचा ओढा मानव्यशास्त्रांकडे, दोघींनी पाच वर्षांच्या अंतराने महाभारतातील व्यक्तींवर मराठीत लिहिले, आणि तरीही दोन्ही पुस्तके एकमेकांची पूरक नाहीत. ‘व्यासपर्वा’तील व्यक्ती काव्यातील व्यक्ती आहेत, त्यांच्या मोठेपणाची कसोटी व्यासांच्या प्रतिभेत शोधलेली आहे. ‘युगान्ता’तील व्यक्ती एका समाजाचे घटक आहेत, त्यांचे दुःख त्या समाजाच्या नियमांतून निपजते. मराठी समीक्षेने या दोन पुस्तकांची तुलना अनेकदा केली, पण ती बहुधा कोणाचे आकलन अधिक योग्य या अंगाने. दोन्ही पुस्तकांत पुराव्याशी वागण्याच्या रीती वेगळ्या आहेत, आणि त्या रीतींमुळेच दोघींची वाक्येही निराळी घडली आहेत, याकडे लक्ष कमी गेले. (जाता जाता नोंदवण्यासारखी गोष्ट अशी, की अकादमीच्या मराठी यादीत हे शीर्षक दोनदा आले आहे : २००२ मध्ये महेश एलकुंचवार यांच्या नाट्यत्रयीच्या रूपाने पुन्हा. पस्तीस वर्षांत एकाच शब्दाने मानवशास्त्रापासून रंगभूमीपर्यंतचा प्रवास केला.)

ललितेतर गद्याची तुलना विषयावरून न करता पुराव्याच्या रीतीवरून करता येईल, ही सूचना नेवाशाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. प्रवरेकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. थरांमागून थर उकलत अश्मयुगीन हत्यारांपासून ऐतिहासिक काळापर्यंतची वस्ती त्यात नोंदवली आहे. दहा वर्षांनी आलेल्या ‘पैस’ या संग्रहाच्या शीर्षकनिबंधात दुर्गा भागवत त्याच गावी जातात. त्यांचे लक्ष्य एकच खांब आहे : ज्ञानदेवांनी ज्याला टेकून ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली अशी श्रद्धा आहे तो पैसाचा खांब. एका लेखनात मातीचे थर, दुसऱ्यात एका दगडाभोवती साचलेल्या स्मृतीचे थर. पुरातत्त्वज्ञाला खांबाची श्रद्धा पुरावा म्हणून वापरता येत नाही. निबंधकर्तीला ती वगळता येत नाही. पण दोघांचे काम एकाच जागेचा काळ मोजण्याचे आहे. ‘पैस’ या शब्दातील अवकाशाची, ऐसपैस विस्ताराची छटा भागवतांनी निबंधाच्या घडणीत अशी मुरवली आहे की वाचक खांब पाहता पाहता मोकळ्या आकाशाखाली येतो. पुरातत्त्वाचा अहवाल आणि ललित निबंध एकत्र वाचण्याची सवय साहित्याच्या वर्गात नाही, इतिहासाच्या वर्गात तर नाहीच. ती नसल्यामुळे निबंधाचे निव्वळ भावुक वाचन होते आणि अहवालाचे निव्वळ तांत्रिक.

बनहट्टी आणि फाटक यांच्या चरित्रग्रंथांविषयी थोडक्यात सांगता येईल. गोविंद बल्लाळ देवल आणि गोपाळ कृष्ण गोखले या दोन व्यक्तींची ही साक्षेपी, कागदोपत्री आधार असलेली चरित्रे मराठी चरित्रलेखनाच्या प्रौढ परंपरेत बसतात. त्याआधी १९६१ मध्ये पुरस्कृत झालेले द. न. गोखले यांचे ‘डॉ. केतकर’ हे त्यांच्यापेक्षा अधिक रेखीव आहे. तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ उभा करणाऱ्या आणि त्या खटाटोपात आपले आयुष्य ओढगस्तीत घालवणाऱ्या माणसाचा विक्षिप्तपणा त्यात टिपलेला आहे. अकादमीच्या यादीतील विषयवैविध्याचा पूर्वज कोणी असेल तर तो हा कोशकारच.

‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा ग्रंथ या मालिकेचा शेवट आहे आणि तिची मर्यादाही. ठाणे जिल्ह्यातील डहाणू, उंबरगाव, तलासरी या भागांतील वारल्यांची वेठबिगार, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराच्या घरी राबणारे लग्नगडी, १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनापासून पेटत गेलेला लढा, हा त्याचा विषय. परुळेकर या त्या लढ्याच्या पुढारी, त्याच्या साक्षीदार आणि त्याच्या कथनकर्त्या आहेत. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना पुराव्यापासून जे अंतर उपलब्ध होते ते येथे नाही. हा ग्रंथ आत्मचरित्र नव्हे, कारण निवेदिकेचे खासगी आयुष्य त्यात जवळपास नाही. तो इतिहास नव्हे, कारण तो पक्षपाती आहे आणि ते लपवण्याची त्याला गरज वाटत नाही. तो वांशिक वृत्तान्त नव्हे, कारण निरीक्षकाची तटस्थता त्याला मंजूर नाही. तरीही या तिन्ही प्रकारांचे गुण त्यात आहेत. वारल्यांची बोली, त्यांची भीती, पहिल्यांदा मालकाला नकार देताना होणारी त्यांची घालमेल यांचे तपशील कोणत्याही वृत्तान्ताला हेवा वाटावा असे आहेत. मात्र जागा होणारा माणूस स्वतः लिहीत नाही. त्याच्या जागे होण्याची भाषा निवेदिकेची आहे. हे न्यून लेखिकेच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल, पण ग्रंथाच्या वाचनात ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

या ग्रंथाच्या इंग्रजी अवताराचे शीर्षक तौलनिक अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. १९७५ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात आदिवासींचे बंड आले आणि उपशीर्षकात वारली शेतकऱ्यांचा संघर्ष. मराठी शीर्षकात जागा होणारा ‘माणूस’ आहे. त्यात जमात नाही, जिल्हा नाही, बंडही नाही. भाषांतराने ग्रंथाला एका विशिष्ट चळवळीच्या दस्तऐवजांत नेऊन ठेवले. मराठी वाचकाला जी व्यक्तीच्या अंतरंगातील घटना वाटते, ती भाषांतराच्या वाचकाला सामाजिक वर्गाची कृती वाटते. ‘युगान्त’च्या बाबतीत लेखिकेनेच इंग्रजी आवृत्ती (१९६९) सिद्ध केली, त्यामुळे तिचा सूर पुष्कळसा टिकला. ललितेतर ग्रंथ भाषेबाहेर जातो तेव्हा तो बहुधा विषयाच्या नावाने जातो, रूपाच्या नावाने नव्हे. कादंबरीच्या भाषांतराची चर्चा करताना शैली, निवेदन, बोली यांचा विचार करणारे अभ्यासक अशा ग्रंथांच्या भाषांतराचा विचार माहितीच्या अचूकतेपाशी थांबवतात. ही उणीव भाषांतराभ्यासाने अद्याप गंभीरपणे घेतलेली नाही.

येथवरच्या विवेचनाने १९६६ ते १९७२ हा काळ मराठी ज्ञानगद्याचे सुवर्णयुग ठरतो, असा समज होऊ नये. यादीबाहेर पाहिले की चित्र बदलते. याच सात वर्षांच्या मध्यावर, १९६९ मध्ये, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) यांसारखे ग्रंथ एकत्र, सुलभपणे उपलब्ध झाले. १९७५ मध्ये मालशे यांनीच ताराबाई शिंदे यांची १८८२ मधील ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा प्रकाशात आणली. मराठी ललितेतर गद्याच्या इतिहासातील सर्वांत मोठे शोध या वर्षांत लागले ते जुन्या पुस्तकांचे होते, आणि नव्या ग्रंथांसाठी असलेल्या पुरस्काराच्या चौकटीत ते येणे शक्यच नव्हते. परंतु प्रश्न केवळ नियमांचा नाही. फुल्यांचे गद्य संवाद, पोवाडा, अर्ज, उपहास आणि युक्तिवाद यांची सरमिसळ करते. ताराबाईंचे गद्य भांडणाच्या बोलीत तर्क लढवते. डेक्कन कॉलेजच्या प्रांगणात घडलेल्या संयत, पुरावाधिष्ठित गद्याच्या मापाने या दोघांचे लेखन मोजले असते तर ते असंस्कृत ठरले असते, आणि शंभर वर्षे ते तसे ठरवले गेलेही. यादीतील विषय अनेक आहेत, लिहिणारे हात मात्र बहुतेक एकाच नागर, उच्चवर्णीय, विद्यासंपन्न वर्तुळातील आहेत. वैविध्य विषयांचे आहे, आवाजांचे नाही. शिवाय विषयांतही एक मोठी पोकळी आहे : निसर्गविज्ञानावरील एकही ग्रंथ या अठरा वर्षांत दिसत नाही. मराठीतून ज्ञानव्यवहार व्हावा हा आग्रह १९६० नंतर भाषिक राज्याने जाहीरपणे धरला होता. परीक्षकांच्या लेखी ते ज्ञान मानव्यशास्त्रांपाशी संपत होते.

१९७३ मध्ये जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’ची निवड झाली आणि १९७४ मध्ये ‘नटसम्राट’ची. कथा आणि नाटक यांना यादीत प्रथमच प्रवेश मिळाला. १९७७ मध्ये अनिलांच्या ‘दशपदी’च्या रूपाने कविताही आली. त्यानंतरच्या पाव शतकात ललितेतर गद्य यादीतून नाहीसे झाले नाही, पण त्याची दोनच दारे प्रामुख्याने उघडी राहिली. एक साहित्यविचाराचे : रा. भा. पाटणकर, मुक्तिबोध, प्रभाकर पाध्ये, नेमाडे. दुसरे आत्मकथनाचे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८१) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८८) यांनी १९७२ च्या यादीत जो आवाज नव्हता तो आणला, आणि वारल्यांच्या बाबतीत निवेदिकेकडे असलेली लेखणी येथे ज्याचे आयुष्य आहे त्याच्याच हाती आली. हा बदल कितीही मोठा मानला तरी कमीच आहे. मात्र त्याबरोबर एक नवी विभागणीही रूढ झाली. विद्यापीठीय वर्तुळातल्यांनी सिद्धान्त मांडावा आणि वंचितांनी अनुभव सांगावा, अशी ती अलिखित वाटणी आहे. फुल्यांना ती मान्य झाली नसती. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे अनुभवकथन नाही. महसूल, पाटबंधारे, नोकरशाही यांवरील तो सविस्तर युक्तिवाद आहे.

संशोधनपर सांस्कृतिक इतिहासाला या काळात जी जागा मिळाली तिचे स्वरूपही निरखण्यासारखे आहे. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) १९८७ मध्ये, म. वा. धोंड यांचे ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ १९९७ मध्ये आणि सदानंद मोरे यांचे ‘तुकाराम दर्शन’ १९९८ मध्ये पुरस्कृत झाले. तिन्ही ग्रंथ आपापल्या जागी असामान्य आहेत. ढेरे यांनी विठ्ठलाच्या दैवतरूपाचा माग धनगर-गवळ्यांच्या दैवतांपर्यंत आणि दक्षिणेतील क्षेत्रांपर्यंत नेला. ॲन फेल्डहाउस यांच्या भाषांतराने तो २०११ मध्ये इंग्रजी वाचकांपर्यंत पोचला. धोंडांनी ‘ज्ञानेश्वरी’ अध्यात्माच्या अंगाने न वाचता तिच्यातील रोजच्या जगाच्या अंगाने वाचली. मोऱ्यांनी तुकारामांच्या निमित्ताने आधुनिक महाराष्ट्राच्या वादांचा इतिहास लिहिला. पण तिघांचे विषय एकाच वारीच्या वाटेवरचे आहेत. विठ्ठल, ज्ञानदेव, तुकाराम. १९६७ मध्ये बोलींच्या भूगोलावरील आणि १९६८ मध्ये कुरुकुलाच्या नात्यागोत्यांवरील ग्रंथाला साहित्य म्हणून स्वीकारणाऱ्या या यादीत, विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागात सांस्कृतिक संशोधनाचा प्रवेश पंढरपूरच्या महाद्वारातूनच झालेला दिसतो. कालेलकरांच्या पुस्तकाला त्या यादीत दुसरे भावंड मिळाले नाही. ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ आज मराठी विभागांत वाचले जाते ते भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत, साहित्याच्या नव्हे.